अकरा दारं

ज्युरीला तीन दिवस उरले की त्या मोठ्या हॉलमध्ये माणसांपेक्षा पुठ्ठा जास्त दिसायचा. टेबलावर पुठ्ठा, खुर्चीवर पुठ्ठा, मुलींच्या केसांत पुठ्ठ्याचा भुसा, आणि डब्यातल्या घासालाही डिंकाचा वास.

शेवटच्या वर्षाची एकवीस मुलं होती. पाच वर्षं जे शिकलो ते एका इमारतीत कोंबायचं, तिचे नकाशे भिंतीला टाचायचे, तिचं छोटं मॉडेल टेबलावर मांडायचं आणि शुक्रवारी ज्युरीला, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे, वीस मिनिटं उभं राहायचं. पार पडलं तर आर्किटेक्ट. नाही पडलं तर पुन्हा वर्षभर तोच पुठ्ठा आणि तोच डिंक.

या मुलांना त्या वीस मिनिटांसाठी तयार करायचं काम मास्तरीणबाईंचं. गेली बावीस वर्षं. त्यांची एक रीत होती, ती साऱ्या कॉलेजला ठाऊक. तालमीच्या दिवशी त्या नकाशांकडे पाठ करून खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चालव मला."

मग मुलानं त्यांना नुसत्या शब्दांनी आपल्या इमारतीत न्यायचं. फाटकातून आत, इतकी पावलं सरळ, डावीकडे खिडकी, उजेड कुठून येतो, पायाखाली काय लागतं. पायरी आली तर पायरी सांगायची. नाही सांगितली तर बाई बसल्या जागी "पडले!" म्हणून ओरडायच्या आणि सगळा हॉल हसायचा. ज्याच्या इमारतीत बाई न अडखळता शेवटच्या खोलीपर्यंत पोचल्या, त्यानं समजावं, आपलं जमलं.

यंदा बाई कुणाच्याच इमारतीत पडल्या नाहीत.

मंगळवारी सकाळपासून नऊ मुलांनी त्यांना चालवलं. दहावा रेडिओ. त्याचं बटण कधी बंद होत नसे म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. त्यानं बाईंना आपल्या संग्रहालयातून फिरवलं, आणि फिरवता फिरवता मुद्दाम एक अख्खा जिना गाळला. वर्गाकडे बघून डोळा मारला. सगळे श्वास धरून थांबले, आता बाई ओरडणार.

बाई चालतच राहिल्या. हवेतून चालल्या म्हणायच्या. शेवटी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "ठीक."

कुणी हसलं नाही. रेडिओसुद्धा दोन मिनिटं बंद पडला. मग मागच्या टेबलावर जाऊन हळूच म्हणाला, "ठीक काय, माझी आईपण ठीक म्हणते. तिला नकाशा उलटा धरून दाखवला तरी ठीक म्हणते."

"गप रे," शेजारची म्हणाली. "त्यांचे मिस्टर जाऊन आठच आठवडे झालेत."

बाईंना ऐकू आलं. ऐकू सगळंच येत होतं. नुसतं लागत नव्हतं.

बाईंचा नवरा दाताचा डॉक्टर होता. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, म्हणून बाईही डॉक्टरच म्हणत. हिरडीत सुई देऊन झाली की ते पेशंटला एक वाक्य सांगायचे, पाठ केल्यासारखं: "बधिर केलंय, दोन तासांनी उतरेल. तोवर गाल चावू नका, चावला तर कळायचं नाही." बाईंना ते वाक्य हल्ली दिवसातून तीन-चारदा आठवे. त्यांचा फक्त गाल नव्हे, सगळ्याच बाई बधिर होत्या. चहा गरम की गार, कळत नसे. बसमधून उतरताना पाऊल जमिनीला टेकलं की नाही, ते बघून ठरवावं लागे. डोळे मिटले की पूर्वी मुलांच्या शब्दांनिशी भिंती उभ्या राहायच्या, छप्पर चढायचं. आता डोळे मिटले की नुसते मिटायचे.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. उंच, सरळ माणूस. मुलं पाठीमागे त्यांना मोजपट्टी म्हणत.

"गोगलगायीचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. मुलांची टोपणनावं त्यांनाही चिकटली होती. "गेल्या वर्षी बघितलंत ना तुम्ही. वीस मिनिटं उभी होती पोर, तोंडातून अक्षर नाही. नकाशे चांगले असून नापास. दोनदाच बसता येतं, हा नियम काही मी केला नाही."

"माहितीय, सर."

"घरचेही टेकीला आलेत. वडील येऊन गेले. म्हणाले, या खेपेला नाही झालं तर काकाच्या दुकानात बसवतो. पाच वर्षं, बाई! आणि यंदाचे परीक्षक साधे नाहीत. आयुष्यभर दवाखाने बांधलेत त्यांनी. हिचा विषय म्हाताऱ्यांचं दिवसघर, दिवसभर येऊन बसायचं ठिकाण. सोलून काढतील." मोजपट्टी क्षणभर वाकली. "तिला बोलती करा. तुम्हालाच जमेल. म्हणजे… जमेल ना?"

"जमेल," बाई म्हणाल्या. सकाळी ठीक म्हणाल्या होत्या तसंच.

बाहेर आल्या तर फोन वाजत होता. सुतार. त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुकान.

"वहिनी, चौकट तयार, फळी तयार, पॉलिश झालं. आता नुसतं सांगा, दार उघडायचं कुठं? आत का बाहेर? बिजागरी एकदा ठोकली की ठोकली."

"सांगते."

"सांगते सांगते म्हणून आठ आठवडे झाले. ते दार माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभं आहे, येणारा जाणारा विचारतो, हे कुणाच्या घरी उघडतं म्हणून." तो हसला, मग त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं. "असू द्या. सवडीनं सांगा. पडदा नीट आहे ना?"

"नीट आहे."

घरच्या बाथरूमला आठ आठवडे पडदा होता.

*

गोगलगाय म्हणत, कारण नकाशांची लांब नळी पाठीला, मॉडेलचं खोकं पोटाशी, आणि चाल अशी की तिच्यानंतर निघालेले आधी पोचायचे. हाक मारली की आधी मान आत जायची, मग डोळे बाहेर यायचे. पण हात! कटर धरला की तिचा हात बाईंनी बावीस वर्षांत पाहिलेल्या कुठल्याही हातापेक्षा सरळ चालायचा.

बुधवारी बाईंनी तिला हॉलमध्ये नाही, मागच्या लहान खोलीत बोलावलं. दोघीच. नकाशे भिंतीला, मॉडेल टेबलावर. बाई पाठ करून बसल्या.

"चालव मला."

गोगलगाय मॉडेलपाशी सरकली. मग, "मॅडम, डोळे खरंच मिटलेत?"

"खरंच."

"मग ठीक आहे. कुणी बघत नसलं की मला बोलता येतं." आणि ती बोलू लागली. आवाज बारीक, पण पाण्याच्या धारेसारखा, तुटेना. "फाटक नाही, मॅडम. फाटकाला कडी काढावी लागते, आणि म्हाताऱ्या बोटांना कडी आवडत नाही. नुसती दोन झाडं आहेत. त्यांच्यामधून या. पायरी नाही, चढ आहे, तुमच्या लक्षातही यायचा नाही. उजव्या हाताला कठडा. लाकडी आहे, लोखंड थंडीत चावतं. तो धरून चला. बारा पावलांवर बाक. दमला असाल तर बसा, नसाल तरी बसा, इथून रस्ता दिसतो. आत दिवस काढणाऱ्याला बाहेर कोण चाललंय ते बघायचं असतं…"

बाई चालत होत्या की नव्हत्या, त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. पण पाय खुर्चीखाली सरळ झाले होते आणि उजवा हात कठडा धरल्यासारखा अर्धा मिटला होता.

"…आता बोळ. सहा फूट रुंद आहे, दोन वॉकर शेजारून जातील. उजेड वरून येतो. डावीकडे ओळीनं बाथरूमची दारं, अकरा. पहिल्यापाशी थांबा. मूठ कमरेच्या उंचीवर आहे. धरा. ढकला."

बाईंचा हात वर झाला. हवेत, कमरेच्या उंचीला, बोटं मुठीभोवती वळल्यासारखी. आणि तिथंच राहिला.

"ढकला, मॅडम."

हात पुढे जाईना. बाईंनी डोळे उघडले. उठल्या, वळल्या, भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. नकाशात दार म्हणजे एक रेघ आणि ते ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला पाव गोल. त्यांनी बोट ठेवून मोजलं. अकरा दारं. अकरा पाव गोल. सगळे आत.

आणि खाली कोपऱ्यात निळ्या शाईत त्यांची स्वतःची सही. तीन आठवड्यांपूर्वीची. बघितलं, तपासलं, छापायला हरकत नाही.

"ही आत उघडतायत," बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम." गोगलगाय गोंधळली. "तुम्हीच शिकवलंत. पहिल्या वर्षाला." आणि तिनं म्हणून दाखवलं. कॉलेजातलं शेंबडं पोरही ते म्हणून दाखवायचं, मागच्या बाकावरची तर टेबल वाजवत म्हणायची:

"दार गं बाई दार, उघड खोलीच्या पोटात,
बोळातनं चालणाऱ्याच्या येऊ नको वाटेत."

बाईंनीच रचलेलं होतं ते. जात्यावरच्या ओवीच्या चालीत, कारण चालीत बांधलं की मुलांच्या डोक्यात राहतं. बावीस वर्षांत किती मुलं, त्यांनी किती घरं, किती दारं. सगळी खोलीच्या पोटात. बाईंच्या घरीही तसंच. बारा वर्षांपूर्वी घर नवं केलं तेव्हा नकाशा त्यांनीच काढला. बोळ अरुंद, समोर पुस्तकांचं कपाट. दार बाहेर उघडलं असतं तर कपाटाला लागलं असतं. त्यांनी पेन्सिलीनं सुरेख पाव गोल काढला, आत.

"ऐक," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवतानाचा, सपाट. "माणूस आत पडलं की दाराला लागून पडतं. बाथरूम लहान असते, दुसरी जागाच नसते. मग बाहेरून दार ढकलायचं म्हणजे त्यालाच ढकलायचं. चार बोटं फट पडते, जास्त नाही. टाच दिसते. दार आत उघडणारं असलं की बिजागऱ्याही आतल्या बाजूला, त्यामुळं बाहेरून उचकटता येत नाही. फळी फोडावी लागते. फोडायला सुतार आणावा लागतो."

गोगलगाय ऐकत होती.

"किती वेळ लागतो?" तिनं विचारलं. पोरीला वाटलं असावं, हे पुस्तकातलं आहे.

"चाळीस मिनिटं. आमच्याकडे लागली."

गोगलगायीची मान आत गेली. मग हळूहळू बाहेर आली. ती "सॉरी" म्हणाली नाही, रडली नाही, याबद्दल बाईंना तिचे आभार मानावेसे वाटले, म्हणजे मानायला हवेत असं वाटलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नकाशे छापून झालेत. मॉडेल चिकटलंय. चूक माझी आहे, सही माझी आहे. परीक्षकांच्या लक्षात येईलच असं नाही."

"आलं तर?"

"तर विचारतील."

"मग मी गप्प होणार," ती म्हणाली. अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. "मॅडम, मला माहीत असलेलं खोटं मला बोलता येत नाही. गेल्या वर्षीपण तसंच झालं. जिन्यात एक चूक होती. मला आदल्या रात्री दिसली होती. त्यांनी जिन्याबद्दल विचारलं आणि माझं तोंडच मिटलं."

वर्षभर कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पोर घाबरट आहे.

ती टेबलापाशी गेली, कटर उचलला. मॉडेलवर वाकली. "बाहेर उघडायची ना सगळी?"

"बोळात येतील. चालणाऱ्याला लागतील."

"भिंत आत घेऊ. दारापुढे दोन-अडीच फुटांची खाच ठेवली तर दार खाचेतच फिरेल, बोळात येणारच नाही. बाथरूम लहान होते, पण वॉकर वळतो अजून. बघा." तिनं पट्टी लावून दाखवलं. मग तिचं तिलाच सुचलं. "आणि खाचेत उरेल तिथं एक फळी टाकू. पाळी येईपर्यंत टेकायला."

पहिली बाथरूम तिनं अख्खी, एका तुकड्यात कापून काढली. दात काढावा तशी. टाकून दिली नाही. रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

*

गुरुवारी सकाळी मागच्या खोलीचं दार उघडलं तर आत रेडिओ, शेजारची आणि आणखी तिघं.

"तुमची कामं झाली का रे?" बाईंनी विचारलं.

"आमचं ठीक आहे, मॅडम. तुम्हीच म्हणालात," रेडिओ म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे… माझा जिना राहिलाय. तो तुम्ही वगळून चाललात परवा. पण तो मी करतो. हिची अकरा दारं काय हिच्या एकटीनं व्हायची नाहीत. चालतच जाईल छापखान्यापर्यंत, तोवर निकाल लागेल."

"तू पळ मग," गोगलगाय म्हणाली. "आणि तिथं बोलत बसू नको."

सगळे हसले. बाईंच्या तोंडाचे कोपरे हलले, असं शेजारचीला वाटलं. तिनं ते नंतर सगळ्यांना सांगितलं.

दुपारपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. पुठ्ठ्याची अकरा दारं, कागदी पट्टीच्या बिजागऱ्यांवर, सगळी बाहेर फिरणारी. गोगलगायीनं प्रत्येक दार नखानं उघडून, मिटून पाहिलं. मग मॉडेलपासून मागे सरकून उभी राहिली.

"माणसं नाहीत," ती म्हणाली.

खोलीतले हात थांबले. दर वर्षी मॉडेलमधली माणसं बाईंच्या घरून यायची. डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात बारीक कात्रीनं जाड कागदाची माणसं कापत बसायचे. पेराएवढी उंच. चालणारी, बसलेली, पोर खांद्यावर घेतलेली, कमरेवर हात ठेवून भांडणारी. "तुम्ही घरं बांधता, पण राहायला कुणी नको का?" असं म्हणून दर वर्षी औषधाच्या डबीतून शंभरेक माणसं बाईंच्या हातात ठेवायचे. यंदा कुणी मागितली नव्हती. कोण मागणार?

बाई उठल्या. पर्स घेतली आणि घरी गेल्या.

दवाखान्याची खोली घरालाच लागून होती. खुर्ची, दिवा, गुळण्या करायचं भांडं. खणात डबी होती, तिच्यावर कात्री. डबी हातात घेतली तर हलकी. उघडली. यंदाच्यापुरती निम्मीच माणसं झाली होती, पन्नास-एक. एक अर्धवट कापलेलं होतं, पाय अजून कागदातच अडकलेले. बाईंना वाटलं, आता येईल रडू. थांबल्या, वाट पाहिली. बसथांब्यावर उभं राहावं तशी. आलं नाही. त्यांनी झाकण लावलं आणि परत कॉलेजात आल्या.

"जपून वापर," डबी देताना त्या म्हणाल्या. "एवढीच आहेत."

*

शुक्रवारी अकरा वाजता गोगलगायीची पाळी लागली.

परीक्षक बुटके, पांढऱ्या मिश्यांचे, हातात कायम टोक केलेली पेन्सिल. त्यांच्या शेजारी मोजपट्टी. बाई मागे, भिंतीशी, बाकीच्या शिक्षकांच्या ओळीत. ज्युरीत मार्गदर्शक शिक्षकानं तोंड उघडायचं नाही, हा नियम. बावीस वर्षांत बाईंना त्या नियमाचा कधी जाच झाला नव्हता.

पहिली पाच मिनिटं गोगलगायीनं सांगितलं. परीक्षकांकडे न बघता, झाडांच्या मधल्या वाटेकडे बघत, पण सांगितलं. कठडा, बाक, रस्ता. परीक्षकांची पेन्सिल नकाशावरून तिच्या शब्दांमागे सरकत होती. मग बोळाशी थांबली.

"ह्या खाचा कशाला? अकरा दारं, अकरा खाचा. प्रत्येकीत दोन-अडीच फूट जागा वाया. दार आत घेतलं असतंस तर बाथरूम मोठी झाली असती. पहिल्या वर्षातलं पोरही सांगेल."

गोगलगायीनं तोंड उघडलं. मिटलं. मान आत गेली.

मोजपट्टीनं बाईंकडे बघितलं. रेडिओनं मागून बाईंकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. अर्धा मिनिट. एक मिनिट. बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, तीन वाक्यांचं, सपाट. आणि त्यांना कळलं की नियम नसता तरी ते तिथं, या माणसांसमोर, त्यांच्या तोंडून निघालं नसतं. म्हणजे गोगलगायीला ते सांगायचं तर बाईंच्या घरातलं सांगावं लागणार, आणि पोर ते सांगणार नाही. म्हणून गप्प आहे ती. चूक नाही, खोटं नाही, तरी गप्प आहे. बाईंसाठी.

दीड मिनिट.

गोगलगाय खाली वाकली. पिशवीतून रुमाल काढला, उलगडला. आतून बुधवारी कापलेली ती बाथरूम निघाली, जुन्या दारासकट. ती तिनं परीक्षकांपुढे टेबलावर ठेवली. डबीतून एक माणूस घेतला, काठी टेकून चालणारा. तो आत ठेवला. उभा नाही. आडवा, दाराला लागून. वरून छप्पर नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं.

"सर," ती म्हणाली, "दार ढकला."

परीक्षकांनी पेन्सिलीच्या टोकानं दार ढकललं. मॉडेलच्या मापात चार बोटं म्हणाल तर तेवढं सरकलं. अडलं.

"अजून जोरात, सर."

त्यांनी थोडा जोर लावला. कागदी माणूस कमरेत मुडपला. परीक्षकांनी पेन्सिल झटकन मागे घेतली, चटका बसल्यासारखी.

"आता हे," गोगलगाय म्हणाली आणि मॉडेलमधलं पहिलं दार दाखवलं. "ओढा."

ते नुसतं नखानं उघडलं. खाचेत वळलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. बोळातलं कागदी माणूस जागचं हललंसुद्धा नाही.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. आपल्या दवाखान्यांतली कुठली दारं ते मनात मोजत होते, त्यांनाच ठाऊक.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

गोगलगायीनं मागे, भिंतीकडे बघितलं नाही. "मापं घेऊन बघितलं, सर," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तिला म्हणता आलं.

"पुढे सांग," परीक्षक म्हणाले. त्यांची पेन्सिल टेबलावरच राहिली.

*

साडेचारला मोजपट्टीनं यादी लावली. गोगलगाय पास. रेडिओही पास, जिन्यासकट. हॉलमध्ये पुठ्ठे उडत होते, कुणी कुणाला डिंक फासत होतं. गोगलगाय सगळ्यांत शेवटी बाईंच्या टेबलापाशी पोचली. पाठीला नळी, पोटाशी खोकं.

"घरी कळवलंस?"

"बाबांना सांगितलं. ते म्हणाले, काकाला काय सांगू आता?" ती हसली. मग डबी पुढे केली. "मोजून आणलीत, मॅडम. उरलेली सगळी आहेत. एक मुडपला."

"राहू दे. मॉडेलमध्ये राहू देत सगळी."

"तिथं घेतली मी बारा. बाकीची पुढच्या वर्षाला लागतील." आणि मुडपलेला तिनं वेगळा, बाईंच्या तळहातावर ठेवला.

ती गेल्यावर बाई त्याला अंगठ्यानं सरळ करत बसल्या. कमरेतली रेघ पूर्ण गेली नाही. पण काठी टेकून उभा राहिला, टेबलाच्या कडेवर, चहाच्या कपाला टेकून. बाईंच्या ओठाच्या एका कोपऱ्यात बारीक मुंग्या आल्यासारखं झालं. बधिरपणा उतरताना आधी तिथंच येतात, डॉक्टर सांगायचे. मग दुखतं.

त्यांनी फोन लावला.

"बोला वहिनी."

"बाहेर," बाई म्हणाल्या.

"बाहेर कुठं? कोण?"

"दार. दार बाहेर उघडायचं."

सुताराला कळलं. त्या सकाळी फळी त्यानंच फोडली होती. "बरं," तो म्हणाला. मग धंद्यातला माणूस जागा झाला. "पण वहिनी, समोरच्या कपाटाला लागेल ते. बोळ केवढा तुमचा, माझं पोटसुद्धा आडवं न्यावं लागतं."

"भिंत आत घ्या. अडीच फूट. मी नकाशा काढून देते."

"बाथरूम लहान होईल."

"होऊ दे. एकटीला पुरे."

"बरं. आणि कडी? आतून लावायची ना कडी?"

बाईंनी टेबलावरच्या माणसाकडे बघितलं.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण बाहेरूनही उघडेल अशी लावा."